रनवर जगणाऱ्या संघाला प्लेऑफमध्ये कसे रोखावे : बहुपर्यायी संघासाठी सविस्तर मार्गदर्शन

जानेवारी २०२० मध्ये टेनेसी टायटन्सने एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या, प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) लागोपाठ दोन सामने प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानावर जिंकले, आणि त्या दोन सामन्यांत मिळून त्यांच्या क्वार्टरबॅकचे (पास टाकणाऱ्या खेळाडूचे) पास २०० यार्डांपर्यंतही पोचले नाहीत. न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध रायन टॅनेहिलने पासद्वारे ७२ यार्ड मिळवले, बाल्टिमोर रेव्हन्सविरुद्ध ८८. रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) डेरिक हेन्रीने मात्र या सामन्यांत अनुक्रमे १८२ आणि १९५ यार्ड धावून काढले. त्यानंतर १९ जानेवारीला एएफसीच्या (लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या) अंतिम सामन्यात कॅन्सस सिटी चीफ्सने त्याच हेन्रीला १९ रनमध्ये (चेंडू घेऊन धावण्याच्या खेळींत) ६९ यार्डांवर रोखले आणि सामना ३५-२४ असा जिंकला. विशेष म्हणजे, अवघ्या दोन महिन्यांपूर्वी, १० नोव्हेंबर २०१९ रोजी, याच चीफ्सविरुद्ध हेन्रीने १८८ यार्ड वसूल केले होते आणि टायटन्स ३५-३२ ने जिंकले होते.

चीफ्सविरुद्धच्या या दोन सामन्यांमधला फरक केवळ बचावफळीच्या कामगिरीचा आहे असे मानले, तर त्यातून निघणारा धडा अपुरा राहतो. हेन्रीच्या ६९ पैकी ६२ यार्ड पूर्वार्धातले आहेत. उत्तरार्धात त्याच्याकडे चेंडू फक्त तीन वेळा देण्यात आला आणि त्याला सात यार्ड मिळाले. म्हणजे चीफ्सने त्याला जेवढे रोखले, त्याहून अधिक टायटन्सनेच त्याला वापरणे सोडले, आणि ते सोडायला त्यांना गुणफलकाने भाग पाडले. पुढे दिलेल्या सर्व पायऱ्यांचा रोख याच गोष्टीवर आहे. ज्या संघाकडे रन आणि पास दोन्ही आहेत, ज्याचे बचावपटू एकाहून अधिक जागी खेळू शकतात, अशा बहुपर्यायी संघाने रन पूर्णपणे बंद पाडण्याच्या मागे न लागता प्रतिस्पर्ध्याला रन परवडेनासा करावा.

पहिली पायरी : रन किती आहे यापेक्षा कोणता आहे, ते शोधावे

चित्रफिती पाहताना बहुतेक जण एकूण यार्ड मोजत बसतात. त्याऐवजी प्रत्येक रनची नोंद डाउन (दहा यार्ड काढण्यासाठीच्या चार प्रयत्नांपैकी कितवा), उरलेले अंतर, मैदानावरची खेळाडूंची रचना, क्वार्टर आणि त्या वेळचा गुणफलक अशा पाच रकान्यांत करावी. पहिल्या डाउनला रन किती वेळा होतो, आघाडीवर असताना किती वेळा होतो आणि दहा गुणांनी मागे पडल्यावर किती वेळा होतो, हे तीन आकडे शेजारी मांडले की प्रतिस्पर्ध्याचा स्वभाव समजतो.

त्यानंतर रनचा प्रकार पाहावा. काही संघ ‘आउटसाइड झोन’ खेळतात, म्हणजे संपूर्ण ऑफेन्सिव्ह लाइन (आक्रमणाची पुढची फळी) एका बाजूला सरकते आणि रनिंग बॅक समांतर धावत फट दिसेल तेथे आत वळतो. काही संघ ‘पॉवर’ किंवा ‘काउंटर’वर जगतात, ज्यात मागच्या बाजूचा गार्ड (लाइनमधला, मध्याशेजारचा खेळाडू) आपली जागा सोडून पुढच्या बाजूला येतो आणि तेथे एक माणूस जास्तीचा निर्माण करतो. लमार जॅक्सनसारखा धावणारा क्वार्टरबॅक असेल, तर ‘रीड ऑप्शन’ येतो, आणि त्यात चेंडू कोणाकडे राहणार हे एका बचावपटूच्या हालचालीवरून ठरवले जाते. या तिघांवर एकच उपाय चालत नाही. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सने जानेवारी २०२० मध्ये ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध केवळ आठ पास टाकून २८५ यार्ड धावून काढले. हेन्रीचे १९५ आणि ते २८५ हे आकडे एकाच रांगेत ठेवण्यासारखे नाहीत, कारण एकात प्रचंड ताकदीचा एकच धावपटू होता आणि दुसऱ्यात रचनेने उघडलेल्या फटी होत्या.

याच वेळी स्वतःच्या संघाचेही परखड परीक्षण व्हावे. नोव्हेंबरच्या सामन्यात हेन्रीच्या १८८ यार्डांपैकी ६८ एकाच रनमध्ये आले होते. असा आकडा दिसला की ‘तो एक रन सोडला तर आपण बरे खेळलो’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो रन वजा केला तरी २२ रनमध्ये १२० यार्ड उरतात, म्हणजे दर रनला साडेपाचच्या जवळपास, आणि ही सरासरी कोणत्याही बचावाला पुरून उरणारी आहे. फट भरणारा माणूस चुकीच्या जागी होता, की जागा बरोबर असूनही टॅकल (धरून पाडण्याचा प्रयत्न) निसटला, की मुळात माणसेच कमी पडली, हे प्रत्येक मोठ्या रनबाबत वेगळे लिहून ठेवावे. या तिन्ही दोषांवरचे सराव वेगवेगळे असतात.

दुसरी पायरी : बॉक्समधले गणित मांडावे

आक्रमणाच्या लाइनमध्ये पाच जण असतात आणि त्यांच्या दोन्ही बाजू धरून सहा फटी तयार होतात. एक टाइट एंड (लाइनच्या टोकाला उभा राहणारा, पासही झेलणारा खेळाडू) जोडला की सातवी फट येते, दुसरा जोडला की आठवी. प्रत्येक फटीला एक जबाबदार बचावपटू हवा, हा रनविरोधी बचावाचा पाया आहे. क्वार्टरबॅक स्वतः धावणारा नसेल, तर चेंडू दुसऱ्याच्या हाती दिल्यावर तो खेळातून बाहेर पडतो आणि बचावाला एक माणूस फुकट मिळतो. तो धावणारा असेल, तर हा फायदा नाहीसा होतो. जॅक्सनच्या संघाने, रेव्हन्सने, २०१९ च्या हंगामात ३,२९६ यार्ड धावून लीगचा विक्रम केला, त्यामागे इतर गोष्टींबरोबर हे साधे अंकगणितही होते.

आठवा माणूस बॉक्समध्ये, म्हणजे लाइनच्या जवळच्या पट्ट्यात, आणायचा की नाही, हा पुढचा प्रश्न. आणला तर मागे एकच सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) उरतो आणि कॉर्नरबॅक (कडेला पास झेलणाऱ्यांना अडवणारे) एकटे पडतात. बहुपर्यायी संघाचे खरे बळ येथे दिसते. टायरन मॅथ्यूसारखा सेफ्टी स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन खेळी सुरू होण्याच्या) दोन सेकंद आधीपर्यंत मागे उभा राहून अखेरच्या क्षणी बॉक्समध्ये उतरू शकतो, किंवा त्याच्या उलट करू शकतो. खेळाडू न बदलता आकार बदलता आला, तर समोरच्या क्वार्टरबॅकला हडलमधून (खेळीआधीच्या घोळक्यातून) बाहेर येताना मिळालेली माहिती स्नॅपच्या वेळी शिळी झालेली असते.

माणसे कोणती निवडायची याचे दोन टोकांचे दाखले महिन्याभराच्या अंतराने मिळाले. ६ जानेवारी २०१९ रोजी लॉस एंजेलिस चार्जर्सने रेव्हन्सविरुद्ध जवळजवळ संपूर्ण सामना सात डिफेन्सिव्ह बॅक (सेफ्टी आणि कॉर्नरबॅक) घेऊन खेळला. त्यांनी लाइनबॅकरच्या (बचावाच्या लाइनमागे उभ्या राहणाऱ्या जड खेळाडूंच्या) जागी सेफ्टी उभे केले, कारण जॅक्सनच्या खेळात वजनापेक्षा वेगाची अडचण अधिक होती. दोनच आठवड्यांपूर्वी २२-१० असे हरलेला चार्जर्सचा संघ या वेळी २३-१७ ने जिंकला, आणि चौथ्या क्वार्टरमध्ये आघाडी २३-३ पर्यंत गेली होती. त्यानंतर ३ फेब्रुवारीला सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम सामन्यात) पेट्रियट्सने लॉस एंजेलिस रॅम्सच्या आउटसाइड झोनसमोर नेमके उलटे केले आणि लाइनवरच सहा जण पसरून उभे केले. डॅलस काउबॉइजविरुद्ध २७३ यार्ड धावलेल्या रॅम्सना त्या दिवशी ६२ यार्ड मिळाले आणि सामना १३-३ असा संपला.

त्यामुळे ‘रनविरुद्ध जड माणसे आणावीत’ हा सरसकट नियम मला मान्य नाही. समोरचा संघ आडवा पसरून धावत असेल, तर कडा आधी बंद कराव्यात. तो सरळ मध्यातून घुसत असेल, तर दोघांचा एकत्रित रेटा पेलून जागा न सोडणारे डिफेन्सिव्ह टॅकल (बचावाच्या लाइनच्या मध्यातले खेळाडू) हवेत. टायटन्सविरुद्ध चीफ्सकडे ख्रिस जोन्स पोटरीच्या दुखापतीतून परतला होता आणि हंगामाच्या मध्यात घेतलेला माइक पेनेल मध्यभागी उपलब्ध होता. नोव्हेंबरचा बचाव आणि जानेवारीचा बचाव माणसांच्या दृष्टीनेही पूर्णपणे सारखे नव्हते.

तिसरी पायरी : पहिला धक्का लवकर, दुसरा माणूस लगेच

हेन्री सहा फुटांहून बराच उंच आणि सुमारे ११२ किलो वजनाचा. असा खेळाडू पहिल्या दोन-तीन पावलांत इतर कोणाहीसारखा अडवता येतो, पण एकदा सरळ दिशेला वेग पकडला की कॉर्नरबॅकच्या आवाक्याबाहेर जातो. म्हणून सरावात टॅकलच्या तंत्राइतकाच भर टॅकलच्या जागेवर द्यावा, आणि पहिला स्पर्श लाइनच्या मागे किंवा लाइनवरच झाला पाहिजे असे ठरवावे.

डावीकडे जाणाऱ्या आउटसाइड झोनचे उदाहरण घेऊ. स्नॅप होताच समोरची लाइन डावीकडे पाऊल टाकते. कडेच्या डिफेन्सिव्ह एंडने आपला बाहेरचा खांदा मोकळा ठेवून टाइट एंडला किंचित मागे रेटायचे आणि आत शिरण्याचा मोह टाळायचा. त्याने कडा धरली की धावपटूला वळावे लागते, आणि वळताना वेग मोडतो. त्याच वेळी मधल्या लाइनबॅकरने धावपटूच्या अर्धे पाऊल मागे राहून समांतर सरकायचे. तो पुढे पळाला, तर धावपटू त्याच्या मागच्या फटीतून निघून जातो, आणि चित्रफितींमधले बहुतेक लांब रन याच एका चुकीतून उगवलेले दिसतात. दूरच्या बाजूच्या एंडने पाठलाग करायचा, पण क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडे ठेवून उलट्या बाजूला निघालेला नाही याची खात्री झाल्यावरच.

टॅकल करताना पहिल्याने पाय किंवा कंबर धरावी आणि बाकीच्यांनी त्यावर कोसळावे. कबड्डीत एकाने घोटा पकडल्यावर साखळी कशी झेपावते, ते ज्याने पाहिले आहे त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. दुसऱ्या माणसाचे काम मात्र निराळे आहे : त्याने चेंडूवर हात मारायचा. १९ जानेवारी २०२५ रोजी बफेलो बिल्सने रेव्हन्सविरुद्धचा प्लेऑफ सामना २७-२५ असा जिंकला, त्यात रेव्हन्सने तीन वेळा चेंडू गमावला आणि बिल्सने एकदाही नाही. टेरेल बर्नार्डने मार्क अँड्र्यूजच्या हातून चेंडू ठोसा मारून सोडवला आणि स्वतःच ताब्यात घेतला. तो अँड्र्यूजने झेललेला पास होता, रन नव्हता, पण सवय तीच.

याच बिल्सना सप्टेंबर २०२४ मध्ये रेव्हन्सनी ३५-१० असे लोळवले होते. तोवर रेव्हन्समध्ये आलेल्या हेन्रीने त्या दिवशी संघाच्या पहिल्याच स्नॅपवर ८७ यार्डांचा टचडाउन (शेवटची रेषा ओलांडून मिळणारे सहा गुण) केला आणि एकूण १९९ यार्ड काढले. त्या सामन्यात बर्नार्ड, मॅट मिलानो आणि टॅरन जॉन्सन हे तिघेही दुखापतीमुळे बाहेर होते. जानेवारीत तिघे परत आले आणि हेन्रीला १६ रनमध्ये ८४ यार्ड मिळाले. आकडा लहान नाही, पण सव्वापाचच्या सरासरीचे रन आणि ८७ यार्डांचा एक रन यांचे परिणाम फार वेगळे असतात. प्रतिस्पर्धी हळूहळू पुढे सरकत राहिला, तर त्याला बारा-बारा खेळी अचूक कराव्या लागतात, आणि त्यात कुठेतरी दंड, निसटलेला पास किंवा सुटलेला चेंडू येतोच.

चौथी पायरी : प्ले-अ‍ॅक्शनचा (रनची हूल देऊन टाकलेल्या पासाचा) सापळा ओळखावा

रनवर जगणाऱ्या संघाचा पास संख्येने कमी असतो, म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. रेव्हन्सविरुद्ध टॅनेहिलचे यार्ड अवघे ८८ असले तरी टचडाउन दोन होते, आणि त्यातला एक कॅलिफ रेमंडला दिलेला ४५ यार्डांचा पास होता. त्याच सामन्यात खुद्द हेन्रीने उडी मारून कोरी डेव्हिसला टचडाउनचा पास दिला. लाइनबॅकर आणि सेफ्टी रन रोखायला दोन पावले पुढे आले की त्यांच्या मागे नेमकी तेवढीच जागा मोकळी होते.

यावर उपाय डोळ्यांच्या शिस्तीचा आहे. लाइनबॅकरने धावपटूकडे न पाहता गार्डकडे पाहावे. गार्ड पुढे झेपावला तर बहुधा रन असतो, मागे उठला तर पास. सेफ्टीने टाइट एंडच्या पहिल्या दोन पावलांवरून निर्णय घ्यावा. आणि कॉर्नरबॅकला स्पष्ट बजावावे की आठ जण बॉक्समध्ये असताना रन रोखणे हे त्याचे पहिले काम नाही, जरी चेंडू त्याच्या बाजूने आला तरी.

पाचवी पायरी : स्वतःच्या आक्रमणाने रन रोखावा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नेमकी हीच बचावाच्या बैठकीत बोलली जात नाही. २०१९ च्या हंगामात रेव्हन्सनी १४ सामने जिंकले आणि फक्त दोन हरले. प्लेऑफमध्ये टायटन्सविरुद्ध ते ०-१४ असे मागे पडले आणि जॅक्सनला त्या दिवशी ५९ पास टाकावे लागले. प्रमुख रनिंग बॅक मार्क इंग्रॅम, जो नुकताच दुखापतीतून उठला होता, त्याला फक्त सहा रन मिळाले. विक्रमी रन खेळणारा संघ दोन टचडाउनच्या पिछाडीने आपणहून पासकडे वळला. चार वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, चीफ्सनी रेव्हन्सना १७-१० असे हरवले तेव्हाही हेच घडले. रेव्हन्सच्या रनिंग बॅकना मिळून सहा रन देण्यात आले, आणि तेही पिछाडी फारशी मोठी नसताना. प्रतिस्पर्ध्याची अस्वस्थता ही मोजता न येणारी, पण योजनेत धरावी अशी गोष्ट आहे.

लवकर आघाडी घेण्याचा अर्थ घाई करणे असा मात्र नव्हे. तीन फसलेले लांब पास आणि लगेच पंट (चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला देणे), हा क्रम रनवर जगणाऱ्या संघासाठी मेजवानी असतो, कारण आपला बचाव दम घेण्याआधी पुन्हा मैदानात येतो. त्या २०२४ च्या सामन्यात चीफ्सनी आपल्या दुसऱ्याच ताब्यात १६ खेळी, ७५ यार्ड आणि नऊ मिनिटे घेतली आणि टचडाउन केला. पॅट्रिक माहोम्ससारखा लांब पल्ल्याचा क्वार्टरबॅक असूनही त्यांनी छोट्या पासांची आणि रनची मिसळ निवडली. बिल्सनीही २०२५ च्या त्या सामन्यात जॉश अ‍ॅलनच्या पासांतून केवळ १२७ यार्ड काढले आणि १४७ यार्ड धावून. दोन्ही हत्यारे असलेल्या संघाने समोरच्याच्या खेळात त्याला गाठण्यात काहीच कमीपणा नाही.

मागे पडल्यावर काय करावे, याचा नमुना पुन्हा २०२० च्या चीफ्सकडेच आहे. ते ०-१० आणि नंतर ७-१७ असे मागे होते. त्यांनी योजना टाकून दिली नाही. टायरीक हिलच्या दोन टचडाउननंतर, मध्यांतराला काही सेकंद उरले असताना, माहोम्स स्वतः डाव्या कडेने २७ यार्ड धावला आणि गुणफलक २१-१७ झाला. उत्तरार्धात त्यांनी सात मिनिटांच्या आसपास चाललेला एक दीर्घ ताबा डेमियन विल्यम्सच्या रनने संपवला, आणि २८-१७ झाल्यावर टायटन्सची घडी मोडली.

सहावी पायरी : चौथा डाउन आणि खास पथके

येथे थोडक्यात सांगता येईल. रनवर विश्वास असणारा संघ चौथ्या डाउनला एक यार्ड हवा असताना पंट करत नाही, म्हणून या प्रसंगासाठी स्वतंत्र रचना तयार असावी. टायटन्सनी रेव्हन्सना चौथ्या डाउनला एका यार्डासाठी दोनदा अडवले आणि सामन्याचा कल तेथेच झुकला. पिछाडीवरचा संघ बनावट पंटही करतो. चीफ्सविरुद्ध टायटन्सचा पंटर ब्रेट कर्न याने पास टाकून फर्स्ट डाउन (चार नवे प्रयत्न) मिळवला होता, म्हणून शेवटच्या क्वार्टरमध्ये पंट परतवणाऱ्या पथकाने कडेची माणसे मोकळी सोडू नयेत.

सातवी पायरी : रन रोखूनही हरण्याची शक्यता आधीच तपासावी

९ फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये चीफ्सच्या बचावाने फिलाडेल्फिया ईगल्सच्या सॅक्वान बार्कलीला २५ रनमध्ये ५७ यार्डांवर बांधून ठेवले. कागदावर योजना यशस्वी झाली होती, आणि सामना ईगल्सनी ४०-२२ असा जिंकला. जेलन हर्ट्सने पासांतून २२१ आणि स्वतः धावून ७२ यार्ड काढले. दुसऱ्या बाजूला चीफ्सच्या आक्रमणाला पूर्वार्धात सगळे मिळून २३ यार्ड मिळाले आणि मध्यांतराला ते ०-२४ असे मागे होते.

म्हणून आठवा माणूस बॉक्समध्ये आणण्यापूर्वी प्रशिक्षकांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा : या संघाच्या क्वार्टरबॅकला पंचवीस पास टाकायला लावले, तर तो आपल्याला हरवू शकतो का? उत्तर ‘नाही’ असेल, तर रनवर सर्व बळ लावावे. ‘हो’ असेल, तर सहा-सात माणसांतच रन सांभाळण्याची सोय लाइनच्या ताकदीतून करावी लागते, आणि ती ताकद नसेल तर दर रनला चार यार्ड सोडून देऊन लाल पट्ट्यात, म्हणजे शेवटच्या वीस यार्डांत, घट्ट होणे अधिक शहाणपणाचे. तेथे मागची जागा आपोआप कमी होते आणि टचडाउनऐवजी फील्ड गोलवर (लाथेने मिळणाऱ्या तीन गुणांवर) निभावते.

आठवी पायरी : आघाडी मिळाल्यावर रनची किंमत बदलते

पहिल्या क्वार्टरमध्ये सहा यार्डांचा रन हा आपला तोटा असतो. चौथ्या क्वार्टरमध्ये, दोन टचडाउनची आघाडी असताना, तोच रन आपल्या बाजूने काम करतो, कारण घड्याळ थांबत नाही आणि पुढच्या स्नॅपपर्यंत अर्धा मिनिट सहज निघून जातो. हा बदल कोणत्या मिनिटाला आणि किती गुणांच्या फरकाला करायचा, ते सामन्याआधीच लिहून ठेवावे. मैदानावरच्या गोंगाटात ते ठरवता येत नाही. बदल झाल्यावर कॉर्नरबॅकनी धावपटूला सीमारेषेबाहेर जाऊ न देता आतच पाडायचे, सेफ्टींनी कोणालाही मागे निसटू द्यायचे नाही, आणि बॉक्समध्ये सहा जण पुरेसे मानायचे.

आघाडी एकाच टचडाउनची असेल, तर मात्र ही सूट देऊ नये. रेव्हन्सविरुद्धच्या २०२५ च्या त्या सामन्यात बिल्स मध्यांतराला २१-१० असे पुढे होते, रेव्हन्सनी उत्तरार्धात धीर न सोडता रन चालू ठेवला आणि तिसऱ्या क्वार्टरमध्येच हेन्रीच्या टचडाउनने ते २१-१९ पर्यंत आले. शेवटी दीड मिनिट उरले असताना गुणफलक २७-२५ झाला आणि टचडाउननंतरच्या दोन गुणांच्या प्रयत्नावर बरोबरी अवलंबून राहिली. रेव्हन्सनी हेन्रीकडे चेंडू न देता पास निवडला आणि तो अँड्र्यूजच्या हातून निसटला. अशा एका खेळीसाठी दोन यार्डांच्या रेषेवरचे दोन वेगळे बचाव, एक रनसाठी आणि एक पाससाठी, आठवड्याच्या शेवटच्या सरावात पूर्ण वेगाने करून घ्यावेत, आणि त्यांपैकी कोणता बोलवायचा हे ठरवण्याचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवावा.